कापडाची माया

नऊवारी ‘नेसतात’, ‘घालत’ नाहीत. पण हल्ली पैठणीला कात्री लावून शिवलेली नऊवारी मिरवण्याची टूम निघाली आहे. आमचे बिडकीन पैठणच्याच वाटेवरचे. मला हे सोसवत नाही.

सोय होते म्हणे! पण दुखण्यातून उठलेल्या बाईचे अंग उतरले, की ती सोय कमरेवरून घसरते. मग उसवा, कापा, शिवा. नेसायच्या लुगड्याला दोन निऱ्या जास्त घातल्या की झाले.

स्कॉटलंडातल्या पुरुषांचा निऱ्यांचा किल्ट शिवलेला खरा. पुऱ्या किल्टला सुमारे ८ वार कापड लागते. पण माणूस वाळला तर तिकडचा शिंपी पट्टे-बकले सरकवतो. फारच वाळला तर निऱ्या उसवून पुन्हा घालतो. जादा कापड निऱ्यांच्या पोटातच राहते.

मुलींना नेसता येत नाही? मी मास्तर आहे. ज्यांना पाढे येतात त्यांना निऱ्याही येतील. शिकवा!

शिवणीत राखलेल्या जादा कापडाला आपले शिंपी ‘माया’ म्हणतात. वाचकहो, साधे लुगडे खुशाल शिवा. पैठणी अजून नातीला नेसायची आहे. तिची माया कापू नका.