डार्विनचं पारायण नको

आमच्या वाचनगटातून गेल्या महिन्यात तिघं बाहेर पडले. भांडून नाही, छान निरोप घेऊन. तक्रार एकच होती : आपण फार हळू चाललोय. दर रविवारी रात्री नऊला व्हिडिओ कॉलवर जमायचं आणि डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ वाचायचं, असं ठरलं होतं. चार महिने झाले, आम्ही अजून पाचव्या प्रकरणात आहोत. रोज 20 पानं वाचली असती तर महिन्याभरात पुस्तक संपलं असतं, हा त्यांचा हिशोब बरोबर आहे. माझं भांडण ‘संपलं असतं’ या शब्दांशी आहे.

पुस्तक संपवण्याचं आपल्याला भारी वेड. आजी सप्ताहात पोथी संपवायची. आपण वर्षाला 50 पुस्तकांचं चॅलेंज घेतो, स्टोरीवर मुखपृष्ठ टाकतो आणि हिरवी खूण करतो. आजीच्या पारायणाला माझा विरोध नाही. तिला त्यातून काय हवंय ते तिला ठाऊक होतं, आणि ते तिला मिळत होतं. पण विज्ञानाच्या पुस्तकाचं पारायण केलं की हातात फक्त खूण उरते. त्यातही आपण पुरोगामी घरातले असलो तर आणखी वाईट. डार्विन वाचला म्हणजे आपण शहाणे, न वाचणारे अडाणी. पोथी बदलली, पाट तोच.

आमचा गट साधा आहे. वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, दोघं पुण्यात. पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं, त्यामुळे खर्च नाही. पहिल्याच रविवारी घोळ झाला. निम्म्यांनी 1859 ची पहिली आवृत्ती उतरवली होती, निम्म्यांनी 1872 ची सहावी. पहिलीत 14 प्रकरणं, सहावीत 15. मध्ये आक्षेपांना उत्तर देणारं एक अख्खं प्रकरण वाढवलेलं. एक जण म्हणाला, “मग खरं पुस्तक कोणतं?” हा प्रश्न पोथीबद्दल विचारला तर घरात तणाव होतो. इथे त्याचं उत्तर असं की माणसाने तेरा वर्षांत स्वतःचंच लिखाण पुन्हा पुन्हा खोडलं. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हे जे डार्विनच्या नावावर टी-शर्टवर छापतात, ते पहिल्या आवृत्तीत नाहीच. शब्द हर्बर्ट स्पेन्सरचे, डार्विनने ते 1869 च्या पाचव्या आवृत्तीत घेतले.

गाडी खरी अडली ती चौथ्या प्रकरणावर, नैसर्गिक निवडीवर. सेलूचा मुलगा, घरी कापूस, तो म्हणाला, “हे तर आमच्या वावरात झालं. अळीले सवय झाली बीटीची, म्हणून मरत नाही.” सगळ्यांनी अंगठे दाखवले. मीसुद्धा. पुढच्या परिच्छेदाला लागणार तेवढ्यात हिंगणघाटची मुलगी म्हणाली, “थांबा. सवय कोणत्या अळीला झाली?”

त्या एका प्रश्नावर तीन रविवार गेले. तिघं गेले ते यालाच कंटाळून.

गोष्ट आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. 2010 मध्येच गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचं जाहीर झालं होतं. 2017 च्या हंगामात विदर्भात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. सेलूचा मुलगा तेव्हा आठवीत होता. फुलांच्या डोमकळ्या झालेल्या त्याला आठवतात, आणि वडील बांधावर गप्प बसलेले आठवतात.

आता ‘सवय’ म्हणजे काय? एखादी अळी विष खाते, जराशी आजारी पडते, मग तिला ते पचायला लागतं, असं? तसं काही झालेलं नाही. लाखो अळ्यांत मोजक्या अशा होत्या, की ज्यांच्यावर त्या विषाचा परिणाम आधीपासूनच होत नव्हता. बाकीच्या मेल्या. उरलेल्यांचे पतंग उरलेल्यांशीच जुळले. कोणत्याही एका अळीला कसलीही सवय झाली नाही, फक्त शिवारात कोण उरलं ते बदललं. देवळीच्या वहिनी, ज्या एरवी कॅमेरा बंद ठेवून ऐकतात, त्या म्हणाल्या, “म्हणजे तांदूळ निवडतो तसंच की. आपण तांदूळ बनवत थोडीच असतो, खडे काढतो.” ‘निवड’ म्हटलं की निवडणारा कोण, ही तक्रार डार्विनच्या हयातीतही झाली होती आणि त्याला नंतरच्या आवृत्तीत खुलासा करावा लागला होता. मला वहिनींचं सूप जास्त पटलं.

हा शब्दांचा कीस नाही. सवय झाली असं मानलं तर उपाय एकच सुचतो : आणखी जहाल औषध. आपण तेच करत आलोय. त्याच 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. निवड झाली असं कळलं तर उपाय वेगळे दिसतात. 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी बियाणं कशासाठी यायचं, हे मग समजतं. त्या ओळींमध्ये साध्या, विषाने मरणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग चिवट पतंगांशी जुळावेत आणि पुढची पिढी पुन्हा मरणारी निघावी. अनेकांनी ते पाकीट बांधावर फेकलं. फरदड का घेऊ नये, तेही कळतं : ही अळी मुख्यतः कापसावर जगते, फरदड म्हणजे तिला उन्हाळ्यापर्यंत पंगत. हे सांगणारे कागद गावोगाव वाटले गेले. कागदावर ‘काय करा’ होतं, ‘का’ नव्हतं.

व्हिडिओवाल्यांनो, तुमच्या पंधरा मिनिटांत हे येत नाही. तिथे लांब मानेचा जिराफ येतो. जिराफ कुणाच्या वावरात नाही.

आणि गंमत पुढेच आहे. पाचव्या प्रकरणात सेलूच्या मुलाने आमची कोंडी केली. “हे पाहा, इथे डार्विनच म्हणतो की अवयव वापरल्याने बळकट होतो, न वापरल्याने दुबळा, आणि ते पुढच्या पिढीत उतरतं. म्हणजे सवयच ना?” खरंच लिहिलंय. आनुवंशिकता कशी चालते हे डार्विनला माहीत नव्हतं, आणि इथे तो चुकला. अर्धा तास कुणाला हे म्हणवेना. डार्विन चुकला असं म्हणताना आपली जीभ अडखळते, तर आपण त्याचं पारायणच करत होतो.

एकत्र वाचनाची परंपरा वर्ध्याला नवी नाही. पवनारच्या विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय सांगितला, साने गुरुजींनी तो उतरवून घेतला. आठवड्याला एक, हा वेग मला आवडतो. पण तिथे एक सांगणारा आणि बाकीचे ऐकणारे होते. विज्ञानाच्या पुस्तकाला ती बैठक चालत नाही. इथे लेखकासकट प्रत्येकाला उलट प्रश्न सोसावा लागतो.

“शाळेत शिकवतात की हे,” असंही कुणी म्हणतं. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली, तेव्हा 1800 हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत प्रकरण आहे, भाग दोनमध्ये पहिलंच. आमच्या गटातल्या सगळ्यांनी ते पाठ केलं होतं, मार्कही मिळवले होते. तरी ‘सवय’ म्हटल्यावर सगळ्यांचे अंगठे वर गेले होते.

येत्या रविवारी सहावं प्रकरण, म्हणजे सिद्धांतातल्या अडचणी, डार्विनने स्वतःच मांडलेल्या. सेलूच्या मुलाचे वडील कॉलवर येणार आहेत. त्यांचा प्रश्न तयार आहे : नॉन-बीटीच्या ओळी मी लावल्या असत्या, त्यातली बोंडं अळीला खाऊ घातली असती, फायदा शेजाऱ्यासकट सगळ्या शिवाराचा झाला असता, मग नुकसान एकट्या माझ्या सातबाऱ्यावर का? डार्विनच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. तरी त्यांना नऊची वेळ दिली आहे.