‘पानी’ म्हणणाऱ्याचं काय चुकलं?

अमरावतीकडचा किंवा आगरी पाड्यातला मुलगा पुण्यात शिकायला येतो, खानावळीत ‘पानी द्या’ म्हणतो आणि शेजारच्या टेबलावर खसखस पिकते. महिन्याभरात तो इतका धास्तावतो, की दिसेल त्या ‘न’चा ‘ण’ करू लागतो. मग ‘माझं मण लागत नाही’ म्हणतो आणि पुन्हा हसं होतं. पहिल्यांदा तो हसण्याजोगं काय बोलला होता, हे मात्र कुणी विचारत नाही.

हसणाऱ्यांचं म्हणणं आधी नीट मांडू. ते तिहेरी आहे. ‘ण’ हा मूळचा शुद्ध उच्चार. आळशी जिभेनं त्याचा ‘न’ केला. दुसरं, दोन्ही वर्ण एक झाले तर ‘मन’ आणि ‘मण’ वेगळे कळायचे कसे? आणि तिसरं, ज्यानं त्यानं आपल्या गावचं बोलायचं ठरवलं तर मराठी एकसंध राहायची कशी?

पहिला मुद्दा संस्कृतच्या जोरावर मांडला जातो, म्हणून संस्कृतकडेच जाऊ. ‘पाणी’ आला ‘पानीय’ या शब्दातून, आणि त्यात ‘न’ आहे. ‘आणणे’ आलं ‘आनयन’वरून, ‘लोणी’ ‘नवनीत’वरून, ‘जण’ ‘जन’वरून. मुळाशी निष्ठा हीच शुद्धता असेल, तर ‘पानी’ म्हणणारा शुद्ध आणि ‘पाणी’ म्हणणारा भ्रष्ट ठरतो. उलट बाजूही पाहा. संस्कृतात कर्ण, पर्ण, चूर्ण, सुवर्ण, अरण्य. आपण म्हणतो कान, पान, चुना, सोनं, रान. इथे ‘ण’चा ‘न’ कुणी केला? सदाशिव पेठेतल्या शुद्ध जिभेनंही तोच केला आणि कुणी हसलं नाही.

यात आळस नाही, नियम आहे. दोन स्वरांमधला एकटा ‘न’ मराठीत साधारणपणे ‘ण’ झाला. जोडाक्षरातून प्राकृतात दुहेरी झालेला ‘ण्ण’ मात्र ‘न’ झाला. म्हणून संस्कृत ‘ऊन’ म्हणजे कमी, त्याचं मराठीत ‘उणा’. आणि ‘उष्ण’चं झालं ‘ऊन’. ‘राणी’सारखे अपवाद आहेत, पण नियम ढळढळीत आहे. झ्यूल ब्लोक या फ्रेंच पंडितानं मराठीच्या घडणीवरच्या, १९२० साली पॅरिसला छापलेल्या ग्रंथात असे ध्वनिबदल शब्दाशब्दाने तपासले आहेत.

मग कुणी म्हणेल, संस्कृत राहू द्या, आपली आई महाराष्ट्री प्राकृत. जिच्या आधारावर ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तिचा दाखला घ्या. घेऊ. वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाशा’त ‘न’चा सर्वत्र ‘ण’ करण्याचा नियम आहे, शब्दाच्या आरंभीही. त्या न्यायानं नगर, नदी आणि नाक हे शब्दसुद्धा ‘ण’नं सुरू करावे लागतील. शुद्धतेचे कैवारी तेवढी तयारी ठेवतात का? शब्दारंभीचा हा ‘ण’ मराठीनं केव्हाच ‘न’ केला. वऱ्हाडानं आणि आगऱ्यांनी तेच पाऊल शब्दाच्या मध्यातही टाकलं, इतकंच.

शिवाय मोजमाप सर्वांना एकच लावा. ‘भाषा’तला ‘ष’ आज किती सुशिक्षित ‘श’हून वेगळा उच्चारतात? ‘ऋषी’चा ‘रुशी’ होतो, ‘ज्ञान’चं ‘द्न्यान’ होतं. तिथे उच्चारदोष दिसत नाही, कारण दोष करणारे आपल्या ओळखीचे असतात.

दुसरा मुद्दा अर्थाच्या गोंधळाचा. ‘वर’ म्हणजे नवरदेव, ‘वर’ म्हणजे देवानं दिलेला आशीर्वाद, आणि ‘वर’ म्हणजे माथ्यावर. या तीन ‘वरां’मुळे आजवर कुठलं लग्न मोडलं? तुरीच्या मापाची गोष्ट चालली असताना मन की मण, हा प्रश्न शेतकऱ्याला पडत नाही. आपली लिपीही ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ यांतले दोन वेगळे ‘च’ एकाच अक्षरानं लिहिते. वाचणारा अडत नाही.

तिसरा मुद्दा मात्र खोडून काढण्यासारखा नाही. कायदा, पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्र यांना एक समान लेखी मराठी लागते, आणि तिच्यात ‘पाणी’ हेच लिहावं. पण ही मराठी कशी घडली तेही ठाऊक असावं. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारला कोश, व्याकरणं आणि क्रमिक पुस्तकं हवी होती. शास्त्र्यांच्या मदतीनं मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली. पुण्याच्या शिष्टवर्गाची बोली छापखान्यात गेली आणि प्रमाण झाली. सोय म्हणून ती उत्तम आहे. सोवळं म्हणून तिला काही आधार नाही. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियमही लेखणीसाठी आहेत, जिभेसाठी नाहीत.

आणि ज्या वऱ्हाडाच्या जिभेला आपण वळण लावायला निघतो, त्याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मराठी गद्याचा आरंभ आपण तिथून मोजतो. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. १९५२ साली त्यांची गाणी छापून आली ती लेवा बोलीतच, आणि महाराष्ट्रानं ती डोक्यावर घेतली. बोलींची अशी भर पडली नसती, तर प्रमाण मराठी सरकारी परिपत्रकासारखी कोरडी राहिली असती.

तेव्हा शिक्षकांना एवढंच सांगणं आहे. वहीत ‘पानी’ दिसलं तर खुशाल खूण करा आणि ‘पाणी’ लिहायला शिकवा. तोंडून आलं तर पाणी द्या.