पोखर्णीचा नृसिंह आणि पडद्यावरचा नृसिंह

देवाचेच चरित्र, आणि तेही चित्रांतून दाखविलेले. मग ते तान्ह्या मुलांनीही पाहण्यास हरकत कोणती? असा सवाल 'महावतार नरसिंह' हा अश्विन कुमार यांचा सचेतनपट २५ जुलै २०२५ रोजी प्रदर्शित झाल्यापासून सुशिक्षित पालक मोठ्या ठसक्याने करितात. परभणीकडे त्यास विशेष धार आहे, कारण पोखर्णीचा नृसिंह हे इकडील कित्येक घराण्यांचे कुलदैवत. आमचे म्हणणे असे की, कथा मुलांचीच आहे. हा पट मात्र सात वर्षांखालील मुलांचा नव्हे.

कथा सौम्य आहे असे नाही. बापाने पोटच्या पोरास कड्यावरून लोटावे, हत्तीच्या पायी द्यावे, आणि अखेर देवाने त्या बापास उंबरठ्यावर मांडीवर आडवा घेऊन नखांनी विदारावे, याहून भयंकर ते काय? तरी आजी ती गोष्ट पाच वर्षांच्या नातवास सांगते आणि नातू सुखाने निजतो. आजीची दृष्टी त्याच्या मुद्रेवर असते. डोळे विस्फारले की ती स्तंभ घाईने फोडते आणि प्रल्हादास देवाजवळ नेऊन मोकळी होते. शिवाय मुलाच्या मनातील सिंह त्यास पेलेल एवढाच मोठा असतो. पडद्यावरचा सिंह चित्रकाराच्या मापाचा. त्यात काळोख, कानठळ्या बसविणाऱ्या गर्जना आणि लांबतच जाणारे रक्तरंजित युद्ध! मूल 'पुरे' म्हणाले तरी यंत्रास ते ऐकू येत नाही.

'ती चित्रे आहेत, खरी माणसे नव्हेत', हा युक्तिवाद तर अगदीच लंगडा. फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्या नाचविल्या, 'प्रभात'ने १९३४ मध्ये 'जंबूकाका' काढला. तेव्हापासून चित्र हलविणे ही एक कला आहे, वयाचा दाखला नव्हे. डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'लाही ब्रिटिश परीक्षकांनी १९३८ मध्ये, सोबत वडीलधारे असल्याखेरीज मुलांस प्रवेश नाही, असे प्रमाणपत्र दिले होते. आपल्याकडे २०१६ मध्ये 'द जंगल बुक'ला 'यूए' मिळाले तेव्हा मंडळाची यथेच्छ टर उडविण्यात आली. पण त्रिमितीत प्राणी अंगावर धावून येतात, हे मंडळाच्या अध्यक्षांचे कारण कोणी नीट खोडून काढल्याचे आम्हांस आढळले नाही.

काही पंडित याच्या उलट टोकास जाऊन मुलांच्या गोष्टींतून राक्षसच हद्दपार करू पाहतात. त्यांचा व आमचा काही संबंध नाही. राक्षसावाचून प्रल्हादाचे धैर्य कळणार कसे? नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी हा पट आईबापांसह खुशाल पाहावा.

२०२४ च्या नियमांनी 'यूए'चे ७, १३ व १६ असे तीन वयोगट पाडले आहेत. हा आकडा पालकांस सल्ला आहे. दारावरचा रखवालदार तो पाहून कोणास अडवीत नाही. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी तो बापानेच वाचला पाहिजे, आणि कडेवरचे मूल आजीपाशी ठेवून गेले पाहिजे. नृसिंहाची गोष्ट तिला येतेच.