कऱ्हाडकरांचा ‘ऱ्ह’ आणि आपला संगणक

मराठीची अडवणूक झाली की ती सरकारनेच केली असणार, अशी आपणा सीमाभागातील लोकांची समजूत असते. १९५६ पासूनच्या अनुभवातून ती झालेली आहे आणि फारशी चुकीचीही नाही. परंतु मध्यंतरी एका लग्नासाठी इंदूरला जाणे झाले, तेव्हा मराठी अक्षर अडलेले पाहिले ते कोणत्या कचेरीत नव्हे, तर घरच्याच दुकानात.

आमच्या थोरल्या ताईंचे यजमान इंदूरच्या खजराना भागात टायपिंगचे आणि पत्रिका छपाईचे काम करतात. खजरान्याचा गणपती अहिल्याबाई होळकरांच्या काळापासूनचा. लग्नाची पहिली पत्रिका त्याच्यापुढे ठेवायची, ही तिकडची रीत मराठी, हिंदी, गुजराती सारेच पाळतात. त्यामुळे भावोजींच्या दुकानात पत्रिकांना तोटा नाही आणि त्यात मराठी पत्रिका अजूनही बऱ्यापैकी असतात. इंदूरला महाराष्ट्र साहित्य सभा १९१५ साली निघाली, साहित्य संमेलने झाली, तेथे मराठी काही काल आलेली नाही.

तर भावोजींनी नवा संगणक घेतला होता. हौस म्हणून नव्हे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्या. घरगुती ग्राहकांना वर्षभराची सवलत ठेवली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ घ्यावे तर त्याला ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण २०१७ नंतरच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्याआधीचा संगणक कितीही धडधाकट असो, कंपनीच्या यादीत तो बसत नाही. बैल नांगराला चालतो आहे, पण त्याचा जन्मदाखला नाही म्हणून गोठ्याबाहेर काढा, अशातला हा प्रकार.

नव्या यंत्राने भावोजींना पहिल्या दिवसापासून रडवले. बसवताना इंटरनेट हवे, कंपनीचे खाते हवे. वीस वर्षे डाव्या कोपऱ्यात असलेले सुरुवातीचे बटण पडद्याच्या मध्यभागी आलेले. उजवी कळ दाबल्यावर येणारी यादी निम्मी झालेली, उरलेली पाहायला आणखी एकदा दाबा. यात मरण नाही, सवय होते. खरी अडचण वेगळी होती. भावोजींचे मराठी जुळणीचे जुने सॉफ्टवेअर एका लहानशा कुलपावर चालते. ते कूलूप संगणकाच्या मागे खोचावे लागते आणि नव्या संगणकाला तसली खाचच नाही. जुना संगणक बदल्यात द्यायचा म्हणून विक्रेत्याने पुसून कोपऱ्यात ठेवलेला.

त्याच दिवशी कऱ्हाडकरांकडच्या आजी पत्रिकेचा मसुदा घेऊन आल्या. बुधवारी गणपतीला पत्रिका ठेवायची होती. भावोजींनी तिकडे हिंदीसाठी सर्रास वापरतात त्या फाँटात मजकूर जुळवला. सगळे जमले, पण ‘ऱ्ह’ काही त्यांना त्यात सापडेना. शेवटी त्यांनी ह ला र चा रफार देऊन ‘कर्हाडकर’ केले आणि छापून पुढे ठेवले. आजींनी चष्मा लावून पाहिले आणि कागद परत केला. “अहो, देवापुढे आडनाव चुकीचं ठेवू का मी? हिंदीवाल्यांना चालत असेल, आम्हाला नाही चालत.”

एका आडनावासाठी एवढे काय, असे कोणी म्हणेल. पण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत जो फरक आहे, तो एवढ्याशा खुणेचाच आहे. सातबारावर, रेशनकार्डावर, मतदार यादीत आपली आणि आपल्या गावांची नावे कशी लिहिली जातात यावर आपण सीमाभागात किती भांडलो, हे वाचकांना सांगायला नको.

वाट काढली ती आमच्या भाच्याने. “मामा, थांबा जरा,” म्हणून त्याने कोपऱ्यातला पुसलेला संगणक टेबलावर आणला, त्याला एक पेनड्राइव्ह लावला आणि पंधरावीस मिनिटांत तो सुरू केला. त्यावर विंडोज नव्हते, लिनक्स होते. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले आणि जगभरच्या लोकांनी पुढे वाढवलेले हे काम. घ्यायला पैसा लागत नाही, वाटायला बंदी नाही. पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, पटले नाही तर काढून टाकायचे. भाच्याने मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक निवडला. शिफ्टसह ‘जे’ ची कळ म्हणजे ‘ऱ’, नंतर ‘डी’ म्हणजे हलन्त, मग ‘ह’. पडद्यावर ‘ऱ्ह’ उमटला. पत्रिकेची पीडीएफ झाली आणि बुधवारी ती देवापुढे गेली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर हा लेख लिनक्सची जाहिरात होईल. तो ‘ऱ्ह’ विंडोज ११ वरही तसाच, त्याच कळांनी उमटला असता! मराठीचा युनिकोड कळफलक विंडोजमध्येही असतो, देवनागरीची सोय तर विंडोज २००० पासूनची आहे. भावोजींना ते ठाऊक नव्हते, कारण त्यांची बोटे जुन्या सॉफ्टवेअरच्या कळफलकावर बसलेली. नव्या प्रणालीचा राग आला तो अर्धा तिचा होता आणि अर्धा आपल्या जुन्या सवयीचा.

जुन्या फाँटाची गंमत अशी की फाइलीत मराठी अक्षर नसतेच. कृतिदेवमध्ये ‘क’ दिसतो तेथे आत इंग्रजी ‘डी’ असतो, फाँट त्याला फक्त मुखवटा चढवतो. फाँट गेला की मुखवटा गळाला आणि उरले इंग्रजी अक्षरांचे कडबोळे. ते शोधता येत नाही आणि मोबाइलवर वाचता येत नाही. युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’च असतो, संगणक कोणताही असो. सीमाभागातल्या आपल्या संस्थांनी पंचवीस-तीस वर्षांत जे टंकले, ती निवेदने, ठराव, वाचनालयांची इतिवृत्ते, यात्रेचे हिशेब, स्मरणिका, त्यातले बहुतेक या मुखवट्यांत आहे. पुष्कळसे पेजमेकरमध्ये आहे आणि त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ साली निघाली. पुढच्या वेळी संगणक बदलेल तेव्हा हे दप्तर कोण उघडणार?

कन्नडच्या बाबतीत काय झाले पाहा. कर्नाटक सरकारने ‘नुडी’ हे कन्नड सॉफ्टवेअर कचेऱ्यांसाठी प्रमाण म्हणून स्वीकारले आणि ते लोकांना मोफत मिळाले. आम्ही या सरकारशी भांडतो ते भांडतोच, पण आपल्या भाषेसाठी सरकारने काय करावे याचा हा धडा घेण्यासारखा आहे. इकडे मराठी माणूस मात्र वर्षानुवर्षे विकतच्या कुलपांवर आणि उसन्या फाँटांवर राहिला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ साली ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली काढली, ती आपल्याकडे किती जणांनी पाहिली आहे? केरळने तर सरकारी शाळांतले संगणक शिक्षणच मुक्त प्रणालीवर नेले.

मग उद्यापासून सर्वांनी लिनक्स घ्यावे का? आम्हाला तसे वाटत नाही. पत्रिकांचे दुकान, हिशेबनीस, डिजिटल सहीचे काम करणारा, यांची कित्येक सॉफ्टवेअरे विंडोजवरच चालतात. जुना प्रिंटर कधी लिनक्सवर रुसतो. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ साली मोठ्या उत्साहाने लिनक्सकडे वळायचे ठरवले आणि २०१७ साली परत फिरायचा ठराव केला. त्याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने मात्र २०२४ साली पुन्हा तीच वाट धरली. भावोजींनीही नवे यंत्र ठेवले आहेच. जुने कूलूप चालवणारे एक सेकंडहँड यंत्र ते शोधत आहेत, ते इंटरनेटला न जोडता फक्त जुन्या फाइलींसाठी वापरायचे असा बेत आहे. वाचनालय, शाळा, तरुण मंडळ यांचे काम मात्र पत्र लिहिणे, वाचणे, हिशेबाचा तक्ता आणि इंटरनेट एवढेच असते. त्यांनी केवळ यादीत बसत नाही म्हणून चालता संगणक भंगारात घालून नव्यासाठी वर्गणी काढणे हा शुद्ध अपव्यय आहे. लिब्रेऑफिस तर मराठी रूपातही मिळते.

आणि फाइली युनिकोडमध्ये आणणे याला कोणतीच प्रणाली आड येत नाही. रूपांतर करणारी साधने फुकट आहेत. काम झाल्यावर एकदा डोळ्यांखालून घालावे लागते, कारण ऱ्य-ऱ्ह, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी येथेच ती घसरतात.

जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राचे धोरण आपण कचेरीत गेल्यावर नेहमी पुढे करतो. संगणकात मराठी नाही, हे उत्तर तेथे मिळाले तर ते खोटे आहे, हे आता आपल्याला ठामपणे सांगता येईल. मात्र त्याच वेळी आपलेच निवेदन साहेबांच्या संगणकावर कडबोळे होऊन उघडले, तर कोणत्या तोंडाने बोलणार?

आमच्या गावच्या वाचनालयात दोन संगणक आहेत. इंदूरहून आल्यावर त्यातल्या जुन्यावर भाच्याने दिलेला पेनड्राइव्ह लावला. कपाटातल्या सीडींतून इतिवृत्तांच्या फाइली काढणे चालू आहे. पहिल्या चार सीडी उघडल्या, पाचवीवर ज्या फाँटाचे नाव लिहिले आहे तो गावात कोणाकडेच नाही. कोणा वाचकाच्या जुन्या संगणकात १९९८ च्या सुमाराचे मराठी फाँट पडून असतील, तर तो संगणक भंगारात घालण्यापूर्वी जवळच्या वाचनालयात जरूर कळवावे.