परसातील पाखरू आणि कॅमेरा

परसात कर्दळीला फुले आली की तेथे शिंजीर आल्यावाचून राहत नाही. केवढा तो जीव! त्याचे वजन पाच रुपयांच्या जुन्या, जाड नाण्याहून सहसा अधिक भरत नाही. आता तो फुलाच्या देठावर लोंबकळतो आणि पापणी लवते न लवते तोच वेलीच्या शेंड्यावर जाऊन बसतो. विणीच्या हंगामात नर दुरून केवळ काळा दिसतो. परंतु उन्हाची एक तिरीप अंगावर पडताच त्याच काळ्या पिसांतून जांभळ्या-निळ्या रंगाची झळाळी उसळते. तीही क्षणभरच. नुसत्या डोळ्यांना हा पक्षी पुरता दिसतच नाही, असे म्हटले तरी चालेल.

कॅमेऱ्याने तोच क्षण पकडून ठेवला म्हणजे किती गोष्टी नव्याने कळतात! बाकदार चोच फुलाच्या नळीत किती खोल जाते, कपाळावर परागकणांची पिवळी पूड कशी चिकटते, चिमुकल्या डोळ्यात सूर्याचा ठिपका कसा चमकतो, हे सारे छायाचित्रात सावकाश पाहता येते. म्हणूनच पाखराच्या अगदी जवळ जाऊन त्याचे छायाचित्र घ्यावे, ही इच्छा मुळात चांगली आहे. तीत पाहण्याची ओढ आहे आणि ज्ञानाचा आरंभ अशा ओढीतूनच होतो.

एके काळी ही ओढ बंदुकीने भागवावी लागे. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील चिटणीस मिलर्ड यांनी त्यांना पक्षी ओळखून दिला, पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला, आणि त्या मुलाच्या आयुष्याला दिशा लाभली. त्या काळी पाखराची नीट ओळख पटविण्यासाठी बहुधा ते मारूनच हाती घ्यावे लागे. आज तेच काम कॅमेरा करतो आणि पाखरू फांदीवर गात राहते. तेव्हा कॅमेरा हा पाखरांचा मित्र होय, असे सहजच वाटते. ते बव्हंशी खरे आहे. परंतु सर्वस्वी खरे नाही. घरट्याजवळ गेलेला कॅमेरा बंदुकीइतकाच घातक ठरू शकतो.

शिंपी पक्ष्याचेच पाहा. रुंद पानांच्या कडा चोचीने टोचून, कापसाच्या व कोळ्याच्या धाग्यांनी शिवून तो पानांचा द्रोण तयार करतो आणि त्यात मऊ कापूस घालून अंडी घालतो. घरट्याची पाने आजूबाजूच्या पानांत अशी मिसळून जातात की दोन हातांवरून जाणाऱ्यालाही ते दिसत नाही. हे न दिसणे हेच त्याच्या पिलांचे कवच होय. छायाचित्रकाराला मात्र नेमके हेच अडचणीचे वाटते. एक पान मध्ये येते, म्हणून तो ते मोडतो. सावली पडते, म्हणून डहाळी छाटतो. दहा मिनिटांत त्याचे काम होते आणि तो आनंदाने घरी जातो. पुढे काय घडले हे पाहण्यास तो तेथे नसतो. मोडलेल्या पानाच्या जागेतून दुपारचे ऊन थेट उघड्या, आंधळ्या पिलांवर उतरते; आणि जे घरटे माणसाला सापडले, ते कावळ्याला, भारद्वाजाला किंवा मांजराला सापडण्यास वेळ लागत नाही.

पानाला हातही लावला नाही, तरी नुसते उभे राहण्यानेही अपाय होतो. शिंजीर पक्ष्यांत अंडी उबविण्याचे काम एकटी मादी करते. नर तेवढा वेळ तिची जागा घेत नाही. माणसाच्या भयाने ती बाहेरच राहिली, तर झोळीसारख्या त्या लोंबत्या घरट्यातील अंडी गार पडू लागतात. चोचीत अळी धरून बसलेल्या पाखराची छायाचित्रे सर्वांना फार आवडतात. पाखरू किती ऐटीत बसले आहे, असे पाहणारा म्हणतो. पण ती अळी चोचीतच का राहिली, हा प्रश्न विचारून पाहावा. पुष्कळदा त्याचे उत्तर असे असते की, पिले भुकेली आहेत, घरट्याच्या वाटेवर माणूस उभा आहे आणि आईला आत जाण्याचा धीर होत नाही.

यावर कोणी म्हणेल, की नामवंत छायाचित्रकारांनीही घरट्यांचीच चित्रे घेतली. हे खरे आहे. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीर्टन या भावांनी 1892 मध्ये अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले आणि पक्ष्यांच्या छायाचित्रणाची एक नवी वाट उघडली. पाखरांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी लाकडी सांगाड्यावर कातडे चढवून एक पोकळ बैल तयार केला होता आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन ते बसत! परंतु त्यांचा कॅमेरा अवजड होता, काचेच्या पट्ट्या एकामागून एक बदलाव्या लागत. उडत्या पाखराच्या मागे असे साधन घेऊन जाणार कोण? पाखरू हमखास परत येईल अशी एकच जागा त्यांना ठाऊक होती, ती म्हणजे घरटे. आजचा कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र टिपतो आणि लांब पल्ल्याचे भिंग वीस-पंचवीस पावलांवरचे पाखरू हाताशी आणून ठेवते. त्यांची अडचण संपली. ती सबब आपण का पुढे करावी?

एरिक हॉस्किंग हे याच देशातील आणखी एक विख्यात छायाचित्रकार. 1937 मध्ये घुबडाच्या घरट्याजवळ गेले असता त्या घुबडाने रात्रीच्या अंधारात त्यांच्या तोंडावर झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. घुबडाला नख्या होत्या. त्याने आपले म्हणणे माणसाला कळविले. शिंप्याला तशा नख्या नाहीत. तो फार तर जवळच्या फांदीवर बसून टिवटिवाट करील, आणि तो टिवटिवाट गाणे समजून कोणी ऐकत राहील.

भारताच्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत रानपक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणे याचाही समावेश केला आहे. एक पान बाजूला सारण्यास हा शब्द काहींना फार कठोर वाटेल. त्या पानाखालच्या पिलांच्या बाजूने पाहिले तर तो वाटत नाही. भ्रमणध्वनीवर पाखराचा आवाज लावून त्याला बोलावणे हीदेखील एक फसवणूकच होय. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला, असे समजून ते दाणापाणी सोडून नसलेल्या शत्रूला शोधत राहते.

मग जवळचे छायाचित्र घ्यावे तरी कसे? परसात सावलीच्या कडेला मातीची एक उथळ परळ ठेवावी, तीत बोटभर पाणी घालावे आणि ते रोज बदलावे. जवळच एखादी वाळकी डहाळी रोवावी, कारण पाखरू पाण्यावर एकदम उतरत नाही. आधी बसून चाहूल घेते. आपण घरातच, खिडकीच्या पडद्याआड बसावे. सकाळचे कोवळे ऊन पाठीशी असावे आणि कॅमेरा पाखराच्या डोळ्याच्या उंचीवर असावा. वरून घेतलेल्या चित्रात नुसती पाठ दिसते. एवढे केल्यावर करण्यासारखे एकच काम उरते, ते म्हणजे बसून राहणे. आणि खरे सांगायचे तर सर्वांत अवघड तेच आहे.

पहिल्या दिवशी बहुधा कोणी येत नाही. मग धीट बुलबुल येतो, पाणी उडवीत अंघोळ करतो. त्याचे पाहून दयाळ येतो. डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेले चष्मेवाले पक्षी थव्याने येतात आणि एकमेकांना ढकलतात. शिंपी सर्वांच्या मागून येतो. शेपूट उभारून तो डहाळीवर दोनदा उड्या मारतो, खाली उतरतो, चोच बुडवितो, मान वर करतो. कळ दाबली जाते. चित्रात कदाचित शेपटीचे टोक चौकटीबाहेर राहिलेले असते. परंतु डोळा स्वच्छ आलेला असतो आणि चोचीच्या टोकाला पाण्याचा एक थेंब असतो. तोवर पाखरू जास्वंदीच्या दाट पानांत शिरलेले असते. तेथे त्याचे घरटे असेलही. ते पाहण्यासाठी खिडकीतले कोणी उठत नाही.