शिधापुस्तिकेत बंदिस्त झालेली क्रांती

दुसऱ्या महायुद्धाने पोळलेल्या ब्रिटनने १९५४ साली आपले शिधावाटप संपविले. त्यानंतर आठच वर्षांनी, मार्च १९६२ मध्ये, क्यूबाच्या साम्यवादी सरकारने प्रत्येक कुटुंबाच्या हाती ‘लिब्रेता’ नावाची शिधापुस्तिका ठेवली. तांदूळ किती, साखर किती, घेवडा किती, तेल किती, हे त्या दिवसापासून सरकार ठरवू लागले. फिडेल कॅस्ट्रो काळाच्या पडद्याआड गेले, त्यांचे बंधू राऊल सत्तेवर येऊन निवृत्त झाले. लिब्रेताने मात्र साठी ओलांडली. संकटकाळातील उपाय पिढ्यान् पिढ्यांची जीवनपद्धती होतो, तेव्हा संकटाचे मूळ व्यवस्थेतच शोधावे लागते.

कॅस्ट्रो राजवटीने १९६१ साली साक्षरतेची मोठी मोहीम राबविली, गावोगावी डॉक्टर पाठविले, हे नाकारण्याचे कारण नाही. आपल्याकडील डावे विचारवंत तेवढेच सांगतात आणि थांबतात. साक्षर झालेल्याने कोणते वृत्तपत्र वाचावे आणि डॉक्टर झालेल्याने किती वेतनात घर चालवावे, हे ठरविण्याचा अधिकारही त्याच राजवटीने स्वतःकडे ठेवला, हा कथेचा उत्तरार्ध ते सांगत नाहीत.

मार्च १९६८ मध्ये ‘क्रांतिकारी आक्रमण’ या नावाखाली देशातील सुमारे ५५ हजार लहान व्यवसाय सरकारजमा झाले. हे कोणी भांडवलदार नव्हते. खाद्यपदार्थांच्या गाड्या, किराणा दुकाने, केशकर्तनालये, चर्मकारांची व सुतारांची छोटी दुकाने यांवर ही कुऱ्हाड कोसळली. त्या दिवसापासून सरकार हाच बहुतेकांचा मालक आणि सरकार हाच दुकानदार झाला. १९७० साली एक कोटी टन साखरेचा संकल्प सोडण्यात आला. सारा देश उसाच्या फडात उतरविण्यात आला. उत्पादन सुमारे ८५ लाख टनांवर अडले आणि इतर सारे उद्योग विस्कटले.

दूध आणि घोषणा

साम्यवादी प्रचारतंत्राला आकडेवारीपेक्षा चमत्कार प्रिय असतात. १९८२ साली ‘उब्रे ब्लांका’ नावाच्या गाईने एका दिवसात शंभराहून अधिक लिटर दूध दिले, तेव्हा ती क्रांतीचे प्रतीक ठरली. मेल्यावर पेंढा भरून ती प्रदर्शनात उभी करण्यात आली. सामान्य घरातील मुलाचे शिध्याचे दूध मात्र वयाच्या सातव्या वर्षी बंद होत असे. २६ जुलै २००७ रोजी राऊल कॅस्ट्रो यांना जाहीर भाषणात प्रत्येकाला पेलाभर दूध मिळावे, अशी आकांक्षा व्यक्त करावी लागली. सत्तेवर येऊन तेव्हा ४८ वर्षे झाली होती! पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये सात वर्षांखालील बालकांच्या दूधभुकटीसाठी क्यूबा सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमापुढे हात पसरल्याचे उघड झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात शिध्यावरील दैनंदिन पावाचे वजन ८० ग्रॅमवरून ६० ग्रॅमवर आणण्यात आले.

अशा जगण्यातून तेथील बोलीत एक क्रियापद रुजले आहे. ‘रेसोल्वेर’, म्हणजे काहीही करून जमविणे. कारखान्यातून तेल, उपाहारगृहातून मांस, गोदामातून सिमेंट असे ‘जमवून’ आणल्याशिवाय महिना सरत नाही. माणूस स्वभावतः अप्रामाणिक नसतो. प्रामाणिक वेतनात पोट भरणे अशक्य करणारी व्यवस्था त्याला तसे बनविते. जानेवारी २०२१ मध्ये किमान मासिक वेतन २,१०० पेसो ठरले. तेव्हा डॉलरचा सरकारी दर २४ पेसो होता. २०२४ साली खुल्या व्यवहारात एका डॉलरला ३०० हून अधिक पेसो मोजावे लागत होते. म्हणजे महिनाभर राबून हाती पडणारे मोल सात डॉलरही नव्हते.

नाकेबंदीची ढाल

यावर डाव्यांचे ठरलेले उत्तर म्हणजे अमेरिकेची नाकेबंदी. तिचा जाच खरा आहे. पण सोव्हिएत संघ जवळजवळ तीन दशके स्वस्त तेल देत होता आणि चढ्या भावाने साखर घेत होता, तेव्हाही लिब्रेता का होती? अमेरिकेने २००० साली कायदा करून क्यूबाला अन्नधान्य विकण्याची मुभा दिली. हवानातील रांगांत मिळणारी गोठवलेली कोंबडी मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतूनच येत असे. सुपीक जमिनीवर माजलेले ‘मराबू’चे काटेरी रान वॉशिंग्टनने पेरलेले नाही. एकेकाळी ८० लाख टन साखर पिकविणाऱ्या देशाचे उत्पादन २०२३ च्या हंगामात ४ लाख टनांखाली गेले आणि साखरेच्या या माहेरघराला साखर आयात करावी लागली. शेतकऱ्याचा माल सरकारी खरेदी यंत्रणा आपल्या भावाने उचलते आणि पैसे महिनोन् महिने थकविते, तेव्हा शेत ओसाड पडणारच.

सोव्हिएत आधार तुटल्यावर अर्थव्यवस्था एकतृतीयांशाने आकसली. १९९२-९३ मध्ये कुपोषणाशी निगडित नेत्रविकाराने ५० हजारांहून अधिक लोकांना ग्रासले. त्याच सुमारास, १९९२ साली, हरकिशनसिंग सुरजित यांच्या पुढाकाराने भारतातून गव्हाने भरलेले जहाज क्यूबाला गेले. उपाशी माणसाला धान्य धाडणे हा माणुसकीचा धर्मच. त्यास नावे ठेवू नयेत. पण त्या धान्यासोबत ‘ते पिकविण्याची मुभा तुमच्या शेतकऱ्याला द्या’ असा एक शब्दही गेला असता, तर ती खरी मैत्री ठरली असती.

११ जुलै २०२१ रोजी हजारो क्यूबन नागरिक ‘स्वातंत्र्य’ अशी घोषणा देत रस्त्यावर उतरले. शेकडो जणांना तुरुंगवास घडला. काहींना वीस वर्षांहून अधिक शिक्षा झाली. ज्यांना पळता आले ते पळाले. सरकारी आकड्यांनुसारच २०२१ च्या अखेरीस सुमारे १ कोटी ११ लाख असलेली लोकसंख्या दोन वर्षांत १ कोटी ५५ हजारांच्या आसपास घसरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये वीजजाळे कोसळून सारे बेट अंधारात बुडाले.

रेशनचे धान्य गरिबाला आधार देते, तोवर ते कल्याणकारी असते. पण नोकरी, भाकरी, वृत्तपत्र आणि गल्लीवर नजर ठेवणारी समिती या चारही गोष्टी एकाच पक्षाच्या मुठीत गेल्या, की शिधा हा लगाम बनतो. चे गव्हेराचे चित्र छापलेला सदरा मिरविणाऱ्या आपल्या तरुणांनी एकदा तरी विचारावे, की त्या बेटावरील त्यांच्याच वयाचा तरुण ते चित्र सोडून मिळेल त्या वाटेने परदेशी का निघाला आहे?