हसणाऱ्यांची हजेरी

चौथीपर्यंत पोरं आपापल्या गावात असतात. भांडण झालं तर संध्याकाळी कुणाची तरी आजी दोघांचेही कान पिळते आणि विषय संपतो. पुढे हायस्कूल येतं. रायगड जिल्ह्यातल्या गडबच्या आसपास एकाच वर्गात खारेपाटातली आगरी घरं, डोंगराकडच्या कातकरी वाड्या आणि डोलवीच्या पोलाद कारखान्यापायी परमुलखातून आलेली कामगार कुटुंबं शेजारी-शेजारी बसतात. अकरा-बारा वर्षांच्या पोराला तिथे पहिली चिंता गणिताची नसते, आपण कुणाच्यात याची असते. मग दुसऱ्याला ‘वाडीवरचा’ किंवा ‘भय्या’ म्हटलं की आपली जागा आपोआप पक्की होते. हे शब्द पोरं शाळेत शिकत नाहीत. कंपनीत नोकऱ्या कुणाला लागल्या यावर ओट्यावर जे बोलणं चालतं, ते त्यांनी ऐकलेलं असतं.

आपण मात्र वर्गातला दांडगा पोरगा हुडकतो आणि त्याला दम देतो. मला त्याच्याभोवती हसणारे जास्त महत्त्वाचे वाटतात. फिनलंडमधल्या संशोधक क्रिस्तिना साल्मिवाली यांनी 1996 मध्ये सहावीच्या मुलांचा अभ्यास मांडला. त्यात छळणारा एकटा नव्हताच: काही साथीदार, काही नुसते खिदळणारे, काही तोंड फिरवणारे आणि थोडे मध्ये पडणारे. टोरंटोच्या शाळांमधल्या चित्रीकरणावरचा अभ्यास 2001 साली आला. दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत सोबती हजर होते, मध्ये पडले ते पाचातल्या एकात. पण पडले तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला.

दहा सेकंदांत! एसटी थांब्यावरून हलायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

पण मध्ये पडायला वर्गात वट लागते, आणि ती बहुधा गावातल्या पोराकडेच असते. कातकरी मुलाचं बिऱ्हाड दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं, पावसाच्या तोंडावर परततं. तोवर वर्गात जोड्या जमलेल्या असतात आणि त्याच्या बाजूने बोलणारं कुणी उरत नाही. त्यात एखाद्या गुरुजींनीच हजेरी घेताना ‘आले का भट्टीवाले?’ म्हणून कोटी केली की पोरांना परवानाच मिळतो. शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने मुलांच्या मानसिक छळालाही बंदी आहे, पण अशा कोटीला छळ म्हणायला शिक्षकांच्या खोलीत कुणी तयार नसतं.